घटाआडचा गहू

शालिग्राम दिवटे याला पेटता दिवा टाकून देता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. याच एका खोडीपायी सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात धारच्या त्याच्या घरात जे घडलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. अजूनही घटाचा गहू दिसला की मी दुसरीकडं पाहतो. पण माणूस सांगायचा तर आधी त्याची खोड सांगावी लागते.

दिवट्यांचे पूर्वज पवारांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले ते हातात पलिता धरूनच. स्वारी निघाली की पुढं मशाल धरायची, दरबार भरला की दिवे लावायचे, हे त्यांचं काम. दरबार गेले, तेल जाऊन वीज आली, पण घरात एक नियम मागं उरला. लावायचा हात आपला, विझवायचा देवाचा. पेटलेला दिवा दिवट्यांनी मालवायचा नाही, आणि जळतोय तोवर टाकायचा तर मुळीच नाही. देवासला शालिग्रामच्या घरी झोपायच्या वेळी बटणं बंद करी ती त्याची बायको इंदू. हा आपला डोक्यावरून पांघरूण घेऊन पडे. कारखान्यातले टवाळ म्हणत, घराण्याला साजेसा दिवटा निघाला. तोही त्यांच्याबरोबर हसे.

मी मूळचा साताऱ्याकडचा, पोटामागं देवासला आलेला. आम्ही दोघं एकाच औषधांच्या कारखान्यात. तो इलेक्ट्रिशियन, मी माल पाठवण्याच्या खात्यात. आमच्यासारखे कारखान्यांपायी आलेले मराठी लोक या जुन्या धारकरांना जरा उपरेच वाटतात. हे धारकर देवापुढं शंभर वर्षांपूर्वीची मराठी बोलतात आणि देवघराचा उंबरा ओलांडला की लगेच "चलो भिया" अशी माळव्याची हिंदी सुरू होते. शालिग्रामही तसलाच होता. पण शेजारी म्हणून लाखात एक. माझ्या घरी फोन होता, त्याच्याकडं नव्हता, म्हणून त्याच्या घरचं बरंवाईट आधी माझ्या बैठकीत येई आणि मग त्याच्याकडं जाई.

कारखान्यात इंजेक्शनं भरायची एक बंद खोली होती. तिथं कुणी नसताना जंतू मारायला निळसर उजेडाच्या नळ्या लावत. नळी चालू असताना आत जायचं नाही, डोळे भाजतात, हे झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. या नळ्या ठरावीक तास जळल्या की काढून टाकत. जळत असल्या तरी काढत. फोडून टाकायचं काम शालिग्रामकडं, आणि तिथंच घोडं पेंड खायचं. पेटणारी नळी फोडायला त्याचा हात धजेना. एक दिवस मी पाहिलं तर कापडी पिशवीत घालून ती घरी चाललेली.

"अहो, हे विष घरी कशाला नेता?" मी म्हणालो.

"अरे रत्नाकर भिया, टेंशन काय को लेते हो? जहर उतर गया इसका. कंपनी काय उगाच काढते का? जंतू मारायची ताकद संपली म्हणून काढते. ताकद गेली, उजाला बाकी राहिला. दात पाडलेला नाग आहे हा."

मी मान डोलावली. मी खोकी मोजणारा माणूस.

त्यानं एक जुनी इमर्जन्सी लाइटची पेटी घेतली, तिच्यात ती हातभर लांबीची नळी बसवली, पुढं जाड काच लावली आणि पेटी देवावर टांगली. वीज गेली की पेटीतली बॅटरी आपोआप सुरू होई. म्हणजे खराखुरा अखंड दिवा! तेल नको, वात नको, जागरण नको. ओळीनं दोन नवरात्रं त्याचा घट त्या निळ्या उजेडात बसला. गहू कसा, वीतभर उंच आणि पिवळाधमक. आसपासच्या बायका पाहायला आल्या. शालिग्रामची छाती फुगली आणि नाग खरंच बिनदाताचा आहे यावर त्याचा विश्वास पक्का झाला. मध्ये काच होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

धारला त्याची आई राहत असे. तिला सगळे माई म्हणत. तिच्याजवळ शालिग्रामचा धाकटा भाऊ भास्कर, त्याची बायको शैला आणि त्यांची पाच महिन्यांची जान्हवी. कुळाचा मुख्य घट धारला. माईंचं वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आदल्या नवरात्रात पहाटे त्यांचा डोळा लागला आणि समई विझली. म्हातारीनं त्याचा असा ध्यास घेतला की वर्षभर तिला अन्न गोड लागलं नाही. देवी कोपणार, हे एकच पालुपद. म्हणून त्या वर्षी शालिग्रामनं आपला निळा दिवा उचलला आणि घटस्थापनेच्या दिवशी धारला नेला.

परत आला तो खुशीत होता. माझ्या घरी चहा पिता पिता त्यानं सगळं सांगितलं. पेटी त्यानं देवीच्या मागच्या भिंतीवर, मुखवट्याच्या डोक्यावर लावली, म्हणजे उजेड सरळ घटावर आणि पुढं बसणाऱ्यांवर पडावा. माईंना पुढं आणून बसवलं. माई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दिसत नाही रे मला. आणि झाकलेला दिवा कसला, लेकरा? देवीपुढं का कुणी पडदा धरतं?"

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? काच काढून टाकली. असा उजाला पडला भिया माईच्या तोंडावर! हसली माझी आई. वर्षानं हसली."

तो हे सांगत होता तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं. आईला दिसावं म्हणून मुलानं काच काढली, यात वावगं ते काय?

तिसऱ्या माळेला भास्करचा फोन आला. मी शालिग्रामला हाक मारून बोलावलं. त्याला फोनवर ओरडून बोलायची सवय, आणि पलीकडचं बोलणं आपण पुन्हा म्हणायची त्याहून मोठी. त्यामुळं माझ्या घरात कुणापासून काही लपत नसे.

"काय? गहू उठत नाही? अरे, पाणी जास्त झालं असेल. पाहा जरा."

चौथ्या माळेला पुन्हा फोन. माईंचे डोळे आले होते, भास्करचेही. वाळूचे खडे गेल्यासारखे डोळे खुपतात, रात्रभर पाणी येतं. त्या दिवसांत माळव्यात डोळे येण्याची साथ असतेच, त्यामुळं शालिग्रामनं थेंब घालायला सांगितले. पाचव्या माळेला माईंच्या कपाळाची आणि गालांची कातडी लाल होऊन सोलायला लागली. हे मात्र साथीत बसेना. आणि गव्हाचं तर विपरीतच झालं होतं. देवीच्या बाजूचा सगळा गहू पेराएवढा येऊन थांबला होता. जाडसर, वळलेला, शेंड्याला तांबूस. घटाच्या अलीकडं मात्र, पाट मांडून माणसं बसतात त्या अंगाला, एक पट्टा चांगला उंच आणि पिवळा उगवला होता.

"माई म्हणते, देवीची नजर पडते तिथला गहू करपतोय," शालिग्रामनं फोनवरचं वाक्य उच्चारलं आणि फोन ठेवला. माझी बायको सुभद्रा आतून बाहेर येऊन उभी राहिली होती. तिनं देवासच्या देवीच्या टेकरीच्या दिशेनं हात जोडले.

देवी कोपली हे ठरल्यावर कुणामुळं कोपली हे शोधणं आलंच. आणि आपल्याकडं हा शोध सुनेपाशी जाऊन थांबतो, त्याला फार अक्कल लागत नाही. शैला पीथमपूरची, माझ्यासारख्याच कारखान्यावर आलेल्या मराठी माणसाची मुलगी. तिला चष्मा होता, तोही जाड काचांचा. घरात सगळ्यांचे डोळे आले, हिचेच आले नाहीत. झालं! जिला काही होत नाही तिच्यातच खोट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिच्या हातचं पाणी घटाला बंद झालं. ती शिवली तेव्हापासून बिघडलं, असं एका चुलतसासूनं म्हटलं आणि ते घरभर झालं.

मला तेव्हा संताप आला तो या अन्यायाचा. त्याहून भयंकर काही त्या घरात चाललं आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? जसजसे डोळे बिघडत गेले तसतशी माणसं देवीपुढं जास्त बसू लागली. माई तर देवघराबाहेर निघेनाशा झाल्या. कातडी सोलली की म्हणत, अजून सेवा कमी पडते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सातव्या माळेला भास्करनं फोनवर सांगितलं ते असं. कोपलेली देवी लेकराला पाहून निवते. अष्टमीच्या सकाळच्या आरतीपासून दिवेलागणीपर्यंत जान्हवीला घटापुढं, देवीच्या नजरेखाली घालून ठेवायचं. मोठ्या भावानं त्या वेळी असावं.

"ठेवा," शालिग्राम म्हणाला. "येतो मी." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "भिया, तूही चल ना. मन लागत नाहीये."

अष्टमीला आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. इंदूनं प्रसादाची पुरणपोळी बांधून दिली होती. इंदूरला बस बदलली. धारची बस भरलेली होती, पण खिडकीची जागा मिळाली. ऊन शालिग्रामच्या बाजूला होतं. त्याच्या पायांशी पुढच्या बाईनं पितळी कळशी ठेवली होती आणि कळशीची सावली त्याच्या धोतराच्या पांढऱ्या सोग्यावर पडली होती. तो बराच वेळ ती सावली पाहत होता. रस्ता वळला की सावली वळायची, आणि हा मान वाकडी करून तिच्यामागं पाहायचा.

"भिया," तो एकदम म्हणाला, "घटाच्या अलीकडं म्हणजे कुठं?"

"म्हणजे माणसांच्या बाजूला. तुम्हीच सांगितलंत ना?"

"आणि माझी नळी?"

"देवीच्या मागं, भिंतीवर."

मग त्यानं एका हाताची मूठ केली, दुसऱ्या हाताचं बोट वर धरलं आणि बोटावरून मुठीकडं पाहिलं. त्याचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. माणसाच्या चेहऱ्यातून रक्त निघून जाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"सावली आहे ती," तो म्हणाला. "घटाच्या सावलीतला तेवढा गहू वाचला. देवीची नजर नाही भिया, नळीची नजर. जहर नाही उतरलं. काच होती म्हणून दोन साल वाचलो. ती मीच काढली."

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. आरती होऊन गेलेली होती.

घाटाबिल्लोदला बस चहासाठी थांबली. ती पुरती उभी राहायच्या आधीच शालिग्राम उतरून धावत एसटीडीच्या टपरीत शिरला. धारला शेजाऱ्याचा फोन होता. हा किंचाळत होता, "भास्करला सांगा, दिवा बंद कर! आत्ताच्या आत्ता! शालिग्राम सांगतोय म्हणावं!" ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुढचा सगळा रस्ता त्यानं समोरच्या सीटची दांडी धरून उभ्यानं काढला. मी त्याला धीर द्यायला काही बोललो असेन, पण मलाच त्यावर विश्वास नव्हता. बस एकेका फाट्यावर थांबत होती, माणसं सावकाश चढत होती, कुणी कोंबड्या वर देत होतं, आणि मला त्या प्रत्येक माणसाचा राग येत होता.

दिवा बंद झाला नव्हता. निरोप पोचला होता, पण भास्करनं तो मानला नाही. "दिवटे असं सांगणारच नाहीत," त्यानं शेजाऱ्याला ऐकवलं होतं. "कुणीतरी चेष्टा करतंय." त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. शालिग्रामनं दिवा विझवायला सांगणं म्हणजे सूर्यानं पश्चिमेला उगवणं.

आम्ही शिरलो तेव्हा घरात आरडाओरडा चालला होता. देवघराच्या दारात चुलतसासू उभी होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. माई एका बाजूला बसल्या होत्या, डोळ्यांना ओली फडकी लावून. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मधोमध घट. त्याच्या पुढं गोधडीवर जान्हवी. आणि देवीकडं पाठ करून, लेकरावर पूर्ण ओणवी होऊन बसलेली शैला. जमिनीला दोन्ही हात टेकलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि वरून तो निळा उजेड थेट तिच्या मानेवर.

"पाहा, पाहा!" चुलतसासू आम्हाला म्हणाली. "सकाळपासून देवीला पाठ दाखवून बसलीय. ऊठ म्हटलं तर उठत नाही. अशानं देवी शांत होईल का?"

शालिग्रामनं तिकडं लक्षच दिलं नाही. तो सरळ गेला आणि पेटीची पिन ओढली.

दिवा विझला नाही. पेटीत क्लिक झालं आणि निळा उजेड तसाच पडत राहिला. बॅटरी! वीज गेली तरी दिवा जाऊ नये म्हणून त्यानंच ती जोडणी केली होती. फडकं बाजूला करून माईंनी सुजलेल्या डोळ्यांनी वर पाहिलं आणि हात जोडले. "विझत नाही," त्या पुटपुटल्या. "आई माझी विझत नाही." चुलतसासूनं जमिनीला डोकं टेकवलं. खरं सांगतो, क्षणभर माझेही हात जोडले गेले.

मग शालिग्रामनं हात वर नेला. ज्या घराण्यात कुणी वात फुंकली नव्हती त्या घराण्यातला तो माणूस. त्यानं जळती नळी मुठीत धरली, पिरगाळली आणि ओढून काढली.

खोलीत दिवसाचा साधा, मळकट उजेड उरला. पोर रडायला लागली.

"दिवा मालवलास?" माईंचा आवाज फुटला. "दिवट्याच्या पोटी येऊन दिवा मालवलास, लेकरा? अष्टमीचा?"

"माई," तो म्हणाला, "तो दिवा नव्हता."

भास्करनं पोरीला उचललं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे स्वच्छ, टकामका पाहणारे. फक्त डावा पाय लाथा मारताना शैलाच्या सावलीबाहेर जात असणार. त्याची नडगी लालभडक झाली होती, आणि ती लाली जिथं संपत होती तिथं सुरीनं कापल्यासारखी रेघ होती. तशीच रेघ घटातल्या गव्हात होती. एकीकडं करपलेला, आखूड, पिळलेला गहू. मग रेघ. आणि रेघेअलीकडं घटाच्या आणि वरच्या नारळाच्या आकाराचा उंच पिवळा पट्टा. इतकी नीट सावली होती ती, की माणसांनी आठ दिवस समोर बसून तिच्यात देवीचा कोप पाहावा याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

शैला उठू पाहत होती, पण पाठ वळेना. मान आणि पाठीचा उघडा भाग भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

"तुला कसं कळलं?" शालिग्रामनं तिला विचारलं.

"मला काही नाही कळलं, भावजी," ती म्हणाली. "उजेड तिच्या डोळ्यांत जात होता, रडत होती. मी आड आले तर गप बसली. मग उठलेच नाही. खूप बोलले सगळे, पण नाही उठले."

शालिग्रामनं सगळ्यांदेखत धाकट्या भावाच्या बायकोपुढं हात जोडले. त्या घरात हे कधी घडलं नसेल. चुलतसासूनं तोंड फिरवलं.

दवाखान्यात सांगितलं की डोळ्यांचा वरचा पापुद्राच भाजला आहे, भरून येईल. आलाही भरून. पोरीचा पाय काही दिवस सोलला आणि बरा झाला. शैलाची मान मात्र बरेच दिवस चिघळली. माई पौषात गेल्या, म्हातारपणानं. पण कुळातल्या माणसांना म्हातारपण हे कारण पुरत नाही. अष्टमीला अखंड दिवा विझवला, त्याचं हे फळ, असं म्हणाले. त्यानंतर दिवट्यांच्या घरात कुणाचं लग्न निघालं की पहिला दिवा लावायला शालिग्रामला कुणी बोलावलं नाही. तो जायचा, मांडवात कडेला बसायचा, जेवून परत यायचा. याबद्दल त्याची तक्रार मी कधी ऐकली नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागायचं.

देवासला परत आला तेव्हा त्याच्या रुमालात दोन चिमटी गहू होता, करपलेला आणि वाचलेला. माझी मुलगी अवंती तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. त्यानं रुमाल तिच्यापुढं उलगडला आणि म्हणाला, "बेटा, सांग मला, काय केलं मी याचं."

अवंतीनं पाती उजेडात धरून पाहिली. "काका, गहू म्हणजे गवतच. पान हे त्याचं स्वयंपाकघर. ऊन आलं की चूल पेटते आणि अन्न शिजतं. हे किरण त्या स्वयंपाकघरातच घुसतात आणि चूल फोडतात. सावलीतला गहू बियाच्या शिदोरीवर वाढतो, पण दिव्यासमोरचा हिरवा व्हायला गेला तिथंच भाजला. मग पातं आखूड होतं, जाड होतं, कडा वळतात. जीव वाचवायला तांबूस रंग धरतं. अन्नच नाही, तर वाढणार कशावर?"

"उन्हात नसतं ना हे?"

"उन्हातही असतं," ती म्हणाली. "सगळ्यात वाईट किरण वरचा ओझोनचा थर अडवतो. त्याच्या शेजारचे थोडे खाली येतात. थर विरळ झाला की जास्त येतात. मग शेतातल्या गव्हाला, रानातल्या गवताला हेच होतं. एवढं पटकन नाही. हळूहळू, कुणाला कळणार नाही असं."

"म्हणजे वर काच आहे."

"हो, तसंच समजा. आणि ती झिजली आहे."

"कुणी काढली?"

"मुद्दाम नाही कुणी काढली. फ्रीजमधला एक गॅस होता, फवाऱ्यांच्या डब्यांत असायचा. विषारी नाही, पेटत नाही, म्हणून तर तो निवडला होता. वर जाऊन काय करतो ते मागाहून कळलं. आता बंद करत आणलाय."

"जहर नाही म्हणून," शालिग्राम म्हणाला. त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरातला जुना फ्रीज घुर्र करून सुरू झाला. तो त्या आवाजाकडं पाहत बसला. "मुद्दाम तर मीही नव्हती काढली," तो म्हणाला, आणि रुमालाची घडी घालून निघून गेला.

त्या दिवसापासून त्याला गवताचं वेड लागलं. पत्र्याखालची दूर्वा आणि उघड्यावरची दूर्वा शेजारी शेजारी धरून पाहायचा. टेकरीवर गेला तरी देवीआधी पायऱ्यांकडेचं गवत. कारखान्यात पोरं हसत. मीही हसलो. काही दिसलं का, असं विचारलं की म्हणे, "दिसलं तर उशीर झालेला असतो, भिया."

दोन हजार चारच्या मे महिन्यात आम्ही दोघं धारला गेलो होतो. तो निवृत्त झाला होता. भास्करच्या अंगणात उतरतं ऊन होतं आणि जान्हवी तिथं खडे मांडून खेळत होती. शैलानं आम्हाला ओट्यावर पाणी आणून दिलं. पदर सरकला तेव्हा तिच्या मानेवरचा डाग दिसला. शालिग्रामनं पाणी न पिता तांब्या खाली ठेवला, उठला, अंगणात गेला आणि पोरीच्या मागं उभा राहिला. त्याची लांब सावली तिच्या अंगावर पडली. ती खड्याबरोबर सरकली की हाही सरकायचा. पोरीला ते सवयीचं असावं, तिनं वर पाहिलंही नाही.

"अहो, या बसा की," मी ओरडलो. "साधं ऊन आहे ते. सात वर्षं झाली आता. किती दिवस उभे राहणार?"

"वरची काच शाबूत आहे, हे कुणी पाहून आलंय का?" तो म्हणाला. "तू गहू पाहिलास ना, भिया?"

पाहिला होता. मीही तांब्या खाली ठेवला. मग उठलो आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.